घाटात मोटार का तापते? दोष ओळखण्याच्या खुणा आणि उपाय

मुंबई-आग्रा महामार्गावरील कसारा घाट शहापूर तालुक्याच्या टोकाला सुरू होतो, तर कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता मुरबाड तालुका ओलांडून माळशेज घाट चढतो. सपाट रस्त्यावर कित्येक महिने लपून राहिलेला इंजिनाचा दोष या चढांवर काही मिनिटांत उघड होतो. चढ किती खडा आहे, याची कल्पना शेजारच्या लोहमार्गावरून यावी. कसारा ते इगतपुरी दरम्यान रुळांना ३७ मीटरमागे एक मीटर चढ असल्याने अनेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्याने काही वाहने आता बोगद्यातून जातात. मात्र जुना घाट आणि माळशेज यांवरील वाहतूक सुरूच आहे.

यंत्रणेचे कार्य

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेपैकी काही धुराबरोबर बाहेर पडते आणि मोठा वाटा शीतलन यंत्रणेला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप कूलंटला इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरता ठेवतो. इंजिन पुरेसे तापले की थर्मोस्टॅट उघडतो व रेडिएटरची वाट मोकळी होते. वाहन उभे वा संथ असताना पंखा हवा खेचतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब टिकवून धरते, म्हणूनच कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकणाचे रबर कुजले की हे संरक्षण संपते. इगतपुरीच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, हे येथे लक्षात घ्यावे.

दोष कसा ओळखावा?

गाडी केव्हा तापते, यावरूनच दोषाचा निम्मा शोध लागतो.

- वाहतूक कोंडीत तापते, वेग घेतल्यावर निवळते : पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासावा.
- चढावर तापते, सपाटीवर निवळते : कूलंट कमी असणे किंवा रेडिएटर आतून गाळाने वा बाहेरून माती, गवत व किडे यांनी चोंदणे, ही नेहमीची कारणे होत.
- सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते. वरचा होस पाइप कढत, खालचा थंड : थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकल्याचा संशय घ्यावा.
- कूलंट वारंवार कमी होते : होस पाइपच्या क्लिपा, वॉटर पंप आणि रेडिएटरचे सांधे पाहावेत. आसनांपुढील पायपोस ओले होऊन गोडसर वास येत असेल, तर हीटरच्या भागातून गळती आहे.
- बाहेर गळती नाही, तरी कूलंट घटते. पांढरा धूर येतो, टाकीत बुडबुडे उठतात किंवा ऑइल दुधाळ दिसते : हेड गॅस्केट गेल्याची ही लक्षणे आहेत. अशी गाडी चालवू नये.

बोनेटमधून वाफ येत असताना काटा अचानक खाली आला, तर निर्धास्त होऊ नये. तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती कूलंटच उरले नसेल, तर काटा असा फसवतो.

घाटात काय करावे?

काटा वर सरकू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम स्थितीत लावावा आणि खालच्या गिअरमध्ये बेताच्या वेगाने चढावे. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटल्यास इंजिनावरचा भार वाढतो व पंप संथ फिरतो. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर वळण टाळून पहिल्या सुरक्षित जागी थांबावे व इंजिन बंद करावे. ‘वरपर्यंत नेऊ’ हा विचार महागात पडतो. अॅल्युमिनियमचे हेड वाकले की इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. माळशेजमध्ये पावसाळ्यात दरडीखाली थांबू नये. चाकामागे दगड लावल्यास निघताना तो आठवणीने बाजूला करावा. रस्त्यात राहिलेला दगड रात्री दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळते कूलंट चेहऱ्यावर व हातांवर उसळते. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, वरचा होस पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावरच जाड फडक्याने झाकण सावकाश सैल करावे. इंजिन बंद असले तरी विजेवरचा पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा. रिकाम्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक उपलब्ध आहे.

पाणी बरोबर असावे

तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तरीही एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. रेडिएटरसाठी वाटेत हंडाभर पाणी मिळेलच, असे गृहीत धरणे व्यवहार्य नाही आणि न्याय्यही नाही. निघताना पाच लिटर स्वच्छ पाणी सोबत घ्यावे. ओढ्याच्या गढूळ किंवा विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. साधे पाणी ही तात्पुरती सोय समजावी व परतल्यावर योग्य कूलंट भरून घ्यावे. कूलंट गोडसर पण विषारी असते. जनावरे ते चाटणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

घाटापूर्वी खर्डी किंवा टोकावडे येथे पाच मिनिटे थांबून टाकीतील पातळी, गाडीखालचे ओले डाग आणि काट्याची स्थिती पाहावी. काटा तेथेच नेहमीपेक्षा वर असेल, तर चढ सुरू करू नये. गॅरेज घाटाच्या पायथ्याच्या गावांत गाठता येते. घाटाच्या मध्यावर ते मिळणे कठीण.