ऐन वेळी कच खाल्ली? : एका वादाचा इतिहास

भातकापणी आटोपली, खळी उठली की शहापूर तालुक्यातल्या गावांमधून कबड्डीची मैदाने तयार होऊ लागतात. एखादे खाचर निवडायचे, ढेकळे फोडून जमीन सपाट करायची, पाणी मारायचे आणि फक्कीने रेषा आखायच्या. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण १८९२ साली बांधले गेले. त्या धरणाच्या परिसरातल्या गावांतही हिवाळा आला की असेच चित्र दिसते. सामना संपतो, दिवे मालवतात, पण माणसे लगेच घरी जात नाहीत. खरा सामना तेव्हा सुरू होतो.

"ऐन वेळी कच खाल्ली त्यानं."

"काका, दोन्ही कोपरे दबा धरून बसले होते. तो तरी काय करणार?"

"मग पहिल्या डावात कसा चालत होता? हात लागला की गुण!"

विद्यार्थिदशेत मी गुणलेखकाच्या शेजारी बसून अशा अनेक चर्चा ऐकल्या आहेत. एका अंतिम सामन्यात आमच्या बाजूच्या चढाईपटूच्या शेवटच्या तीनही चढाया वाया गेल्या आणि आम्ही थोडक्यात हरलो. 'दडपणात ढेपाळतो' असा शिक्का त्याच्यावर बसला. पुढच्या वर्षी त्याला संघात घेतले नाही. हळूहळू तो मैदानावर यायचाच थांबला. खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही तो निकाल रास्त वाटला होता. पुढे संशोधनाच्या क्षेत्रात आल्यावर कळले, की रात्री मैदानाच्या कडेला चालणाऱ्या या वादाला विज्ञानातही एक इतिहास आहे आणि त्यात शास्त्रज्ञसुद्धा एकदा चांगलेच फसले आहेत.

हा वाद केवळ गावापुरता नाही. कबड्डीने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंकरवी जगाला दर्शन दिले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिला पदकाचे स्थान मिळाले. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ साली जाकार्तात मात्र आक्रित घडले. गटातल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरवले आणि उपांत्य सामन्यात इराणने २७-१८ असे. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनेच भारतावर २७-२४ अशी मात केली. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! देशभर एकच सूर उमटला : आपले खेळाडू दडपणाखाली कोलमडले.

पाच वर्षांनी, २०२३ साली, हांगझोऊला दोन्ही सुवर्णपदके परत आली. महिलांचा अंतिम सामना चिनी तैपेईविरुद्ध होता. गटात हेच दोन संघ ३४-३४ असे बरोबरीत सुटले होते. अंतिम सामना भारताने २६-२५ असा, म्हणजे अवघ्या एका गुणाने जिंकला. पुरुषांच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध गुण २८-२८ असे समान होते आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. अशा वेळी भारतीय कर्णधाराची चढाई वादात सापडली. पकडीसाठी आलेल्या कोणालाही स्पर्श होण्यापूर्वी तो मैदानाबाहेर गेला होता आणि बचाव करणारेही त्याच्या मागोमाग बाहेर गेले होते. अशा वेळी बाद कोण? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरेच. तासाभराहून अधिक वेळ खेळ थांबला आणि अखेर निर्णय भारताच्या बाजूने लागून सामना ३३-२९ असा संपला. या वेळचा सूर होता : काय जिगर दाखवली!

आता जरा थांबून विचार करू. एका गुणाचा सामना एका निसटत्या पावलाने फिरतो. दुसऱ्याचा निकाल नियमाच्या अर्थावर ठरतो. तरीही आपण निकालावरून मागे जातो आणि खेळाडूंच्या स्वभावाचे निदान करतो. जिंकले तर जिगर, हरले तर कच. हे निदान तपासायचे कसे?

तपासण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९८४ साली अमेरिकेत झाला. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्याने बेसबॉलच्या अजिंक्यपद मालिकांचे १९२४ ते १९८२ या काळातले निकाल पाहिले. पहिल्या दोन सामन्यांत घरच्या मैदानावरचा संघ साधारण ६० टक्के वेळा जिंकत होता. मालिकेच्या शेवटच्या सामन्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आले होते. बास्केटबॉलच्या निकालांतही त्यांना तसाच कल दिसला. अनुमान सरळ होते : आपल्या माणसांसमोर जिंकण्याच्या अपेक्षेचे ओझे होते आणि खेळाडू कच खातात. हे अनुमान पुष्कळांना पटले. पण १९९५ साली दुसऱ्या संशोधकांनी पुढच्या वर्षांचे निकाल त्यात मिळवले, तेव्हा तो परिणाम विरून गेला. निर्णायक सामने मोजकेच असतात. मोजक्या घटनांमध्ये असे कल योगायोगानेही दिसू शकतात.

योगायोग किती फसवा असतो, हे एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, एखादा चढाईपटू दहापैकी चार चढायांत गुण मिळवतो आणि दडपणाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. एक चढाई वाया जाण्याची संभाव्यता ०.६. लागोपाठ तीन वाया जाण्याची संभाव्यता ०.६ × ०.६ × ०.६ = ०.२१६. म्हणजे अशा पाच अंतिम सामन्यांपैकी एकात त्याच्या शेवटच्या तीनही चढाया निव्वळ योगायोगाने फुकट जातील. आमच्या मैदानावरच्या त्या खेळाडूचा गुन्हा कदाचित एवढाच होता.

या वादाची दुसरी बाजू म्हणजे 'आज याचा हात चालतोय' ही भावना. तिच्यावर १९८५ साली टॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी एक निबंध लिहिला आणि तो पुढे फार गाजला. त्यांनी बास्केटबॉलच्या शंभर शौकिनांना विचारले, की लागोपाठ दोन-तीन चेंडू जाळ्यात टाकणाऱ्याचा पुढचा चेंडू पडण्याची शक्यता वाढते का? ९१ जण 'हो' म्हणाले. मग त्यांनी फिलाडेल्फिया संघाच्या १९८०-८१ च्या हंगामातले घरच्या मैदानावरचे सामने घेतले. लागोपाठ तीन चेंडू पडल्यावर पुढचा पडण्याचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले आणि तीन हुकल्यावर ५६ टक्के! शौकिनांच्या समजुतीच्या अगदी उलट.

यावर कोणीही आक्षेप घेईल, की ज्याचा हात चालतो त्याच्यावर प्रतिस्पर्धी जास्त पहारा ठेवणार आणि तोही अवघड जागेवरून चेंडू टाकणार. आक्षेप योग्यच आहे. म्हणून संशोधकांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे बोस्टनच्या खेळाडूंच्या मोकळ्या फेकी, ज्यांत कोणी अडवत नाही. पहिली फेक यशस्वी होवो वा न होवो, दुसरी यशस्वी होण्याचे प्रमाण ७५ टक्केच होते. दुसरी वाट म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातल्या २६ खेळाडूंकडून प्रत्येकी शंभर फेकी करवून घेणे. तिथेही लक्षात घ्यावा असा परिणाम जवळजवळ दिसला नाही. 'चालता हात' हा मनाचा खेळ ठरला आणि तीस वर्षे पाठ्यपुस्तकांतून तसे शिकवले गेले.

आणि मग कथेला कलाटणी मिळाली. जोशुआ मिलर आणि ॲडम सॅनहुर्हो या दोघांनी त्या हिशेबातच एक सूक्ष्म चूक दाखवून दिली. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. ती चूक समजून घ्यायला वर्गात नाणी पुरेशी आहेत.

प्रत्येक विद्यार्थ्याने नाणे तीनदा उडवायचे. छापा पडल्यानंतरच्या लगेचच्या फेकी पाहायच्या आणि त्यांतल्या किती छापा निघाल्या, ते प्रमाण लिहायचे. एकूण आठ क्रम शक्य आहेत. त्यांपैकी 'काटा-काटा-काटा' आणि 'काटा-काटा-छापा' यांत छाप्यानंतर फेकच नाही, म्हणून ते सोडू. उरलेले सहा असे :

छापा-छापा-छापा : प्रमाण १
छापा-छापा-काटा : प्रमाण १/२
छापा-काटा-छापा : प्रमाण ०
छापा-काटा-काटा : प्रमाण ०
काटा-छापा-छापा : प्रमाण १
काटा-छापा-काटा : प्रमाण ०

या सहांची सरासरी ५/१२, म्हणजे सुमारे ४२ टक्के. नाणे तर अगदी खरे आहे. मग ५० टक्के का नाही? कारण छापे एका क्रमात दाटीने येतात, तरी सरासरी काढताना त्या क्रमाला एकाच मुलाचे वजन मिळते. तीन छापे पडलेल्या मुलाकडे छाप्यानंतरच्या दोन फेकी आहेत, पण तोही सरासरीत एकदाच मोजला गेला. सगळ्या फेकी एकत्र मोजा : छाप्यानंतरच्या एकूण फेकी ८, त्यांत छापे ४. बरोबर निम्मे! नाणे खोटे बोलत नव्हते. आपली सरासरी खोटे बोलत होती.

कॉर्नेलच्या हिशेबात अशीच प्रत्येक खेळाडूच्या प्रमाणांची सरासरी होती. निम्म्या फेकी यशस्वी करणाऱ्याने शंभर फेकी केल्या, तर निव्वळ योगायोगाने लागोपाठ तीन यशांनंतरचे प्रमाण सरासरीने ४६ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवे आणि तीन अपयशांनंतरचे ५४ च्या आसपास. ज्यांना 'फरक नाही' म्हटले होते, ते प्रत्यक्षात योगायोगापेक्षा बरेच वर होते. दुरुस्ती केल्यावर त्याच जुन्या आकड्यांतून दहा टक्क्यांहून अधिक फरक बाहेर आला. शौकीन अगदीच भ्रमात नव्हते.

मग जिंकले कोण? कोणीच पूर्ण नाही. १९८५ च्या त्या पाहणीत शौकिनांना असेही विचारले होते, की निम्म्या फेकी यशस्वी करणाऱ्याचे एका यशानंतरचे प्रमाण किती असेल? त्यांचा सरासरी अंदाज ६१ टक्के होता आणि एका अपयशानंतरचा ४२. मोकळ्या फेकींत तर काहीच फरक दिसला नव्हता. म्हणजे हात चालतो हे खरे असले, तरी आपण समजतो तितका आणि समजतो तितक्या वेळा चालत नाही. दडपणाचेही बहुधा तसेच असावे. ते नसतेच असे म्हणण्याचे कारण नाही. पण एका सामन्यावरून ते ओळखता येत नाही.

कबड्डीत तर आणखी एक अडचण आहे. लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. अशा चढाईत अपयश जास्त आले, तर ती कच समजायची का? याला आत यावेच लागणार, हे बचावफळीलाही ठाऊक असते. ती मागे सरून नीट सापळा लावते. तेव्हा एखाद्याच्या तिसऱ्या चढायांची तुलना त्याच्याच साध्या चढायांशी करणे अन्यायाचे आहे. ती दुसऱ्यांच्या तिसऱ्या चढायांशीच केली पाहिजे, आणि तीही हंगामभराच्या नोंदींवरून.

शिक्षकमित्रांनो, आपल्या शाळेचा संघ असेल, तर एक वही घाला. प्रत्येक चढाई, ती कितवी, समोर बचावाला किती जण, गुण मिळाला की नाही, एवढेच लिहायचे. टक्केवारी, संभाव्यता, सरासरी हे सारे धडे त्या वहीतून निघतील. मुले हौसेने वाद घालतील आणि वादाच्या शेवटी वही उघडायची सवय त्यांना लागेल.

आणि हीच वही मनात ठेवून वर्गाकडेही पाहू या. सहामाहीत एका पेपरात गुण घसरले, की 'परीक्षेत घाबरतो' असे आपण किती सहज म्हणून जातो! अंतिम सामन्यातल्या तीन चढाया आणि एक प्रश्नपत्रिका यांत फारसा फरक नाही. नामवंत संशोधकांच्या हिशेबातली चूक सापडायला तीस वर्षे लागली. पण ती दुरुस्त झाली, कारण आकडे लिहून ठेवलेले होते. आमच्या त्या चढाईपटूची कोणी वही ठेवली नव्हती. त्याच्या बाबतीत आम्ही चुकलो की नाही, हे आता कोणालाच तपासता येणार नाही.