रखमाबाईंची तडजोड

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. पण बायकांच्या बाबतीत या म्हणीचा अर्थ पुष्कळदा ‘निमूट सोसावे’ असाच लावला गेला. म्हणून डॉ. रखमाबाईंच्या खटल्याचा शेवट आपण भगिनींनी नीट समजून घ्यावा.

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, १८६४ सालचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पण त्या माहेरीच राहिल्या व शिकल्या. १८८४ साली दादाजींनी ‘बायकोने नांदायला यावे’ म्हणून हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो काढून टाकला. पण अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला, की एका महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी ठेवली.

पुढे राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडून दिले, असे पुष्कळजण सांगतात. खरा शेवट मात्र साधा आहे. जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांचा समेट झाला. दादाजींनी २००० रुपये घेतले व हुकुमाची बजावणी सोडून दिली. १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेला व राजकोटला त्यांनी बायकांची सेवा केली.

कोर्टाने जे दिले नाही ते तडजोडीने दिले. पण तिला किंमत पडली. पैसे बाईच्या बाजूने मोजावे लागले आणि कायद्याच्या दृष्टीने लग्न तसेच राहिले. काही जातींत काडीमोडीची रूढी होती. हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा तेव्हा नव्हता. मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये झाला. साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला. त्याच वर्षी रखमाबाई निवर्तल्या.

परस्परांच्या संमतीने घटस्फोटाची सोय १९७६ मध्ये आली. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशांवर आधी समेट करून पाहण्याची जबाबदारी टाकली. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतीला आधार दिला. त्याच कायद्याखाली स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळू शकतो. त्यासाठी आपल्या ठाणे जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या ज्या बाईची प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडते, तिला हे ठाऊक असायलाच हवे.

मात्र चार वडीलधाऱ्यांनी दम देऊन बाईला परत धाडणे म्हणजे तडजोड नव्हे. मारझोड होत असेल तर आधी जीव सांभाळावा, पोलिसांकडे जावे, बोलणी मागाहून. तडजोड करताना पोटगी, मुले कोणाकडे राहणार आणि स्त्रीधन यांचा उल्लेख कागदावर हवा. न समजलेल्या कागदावर सही करू नये. आणि समेट झाला तरी या कायद्याखाली घटस्फोटाचा हुकूमनामा न्यायालयाकडूनच घ्यावा लागतो.

रखमाबाईंशी दादाजींना बोलणी करावी लागली, कारण ‘नाही’ म्हणायची त्यांची हिंमत चार वर्षे टिकली होती. ज्या बाईला ‘नाही’ म्हणता येते, तिच्याच ‘हो’ला तडजोडीत मोल असते.