जुना कोअर स्विच किंवा राउटर बदलताय? पोर्टचा स्पीड शेवटी बघा

फोनवर वायफायच्या काड्या फुल्ल, पण इन्स्टा नुसतं फिरत बसलंय. अशा वेळी आपण खोलीबाहेरच्या ॲक्सेस पॉइंटला शिव्या घालतो. पण कॉलेज, हॉस्टेल किंवा मोठ्या ऑफिसात तो फक्त शेवटचं टोक असतो. प्रत्येक मजल्यावर किंवा इमारतीत एक छोटा स्विच असतो आणि या सगळ्यांच्या केबल एका मोठ्या स्विचमध्ये येतात. तो कोअर स्विच. तिथून बाहेरच्या इंटरनेटची वाट दाखवतो तो राउटर. हे दोन्ही बॉक्स दहा-दहा वर्षं मुकाट चालतात, म्हणून ते बदलायचा विषयच कुणी काढत नाही.

बंद पडेपर्यंत थांबू नका. आधी कंपनीची 'एंड ऑफ सपोर्ट' तारीख शोधा. फोनचे सिक्युरिटी अपडेट बंद होतात, तसंच हे. सिस्कोचं साधारण धोरण म्हणजे मॉडेलची विक्री थांबली की पुढे ५ वर्षं हार्डवेअर सपोर्ट. सिस्कोच्याच 'स्मार्ट इन्स्टॉल' फीचरमधली एक गंभीर त्रुटी २०१८ मध्ये समोर आली, पॅचही आला. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये एफबीआयला इशारा द्यावा लागला, की हॅकर तीच त्रुटी वापरून सपोर्ट संपलेल्या जुन्या बॉक्समध्ये शिरतायत. सेकंडहँड स्विच स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा विचार असेल, तर त्याचीही ही तारीख आधी बघा.

आता नवीन काय घ्यायचं? स्पीडचं गणित सोपं आहे. ४८ पोर्ट, प्रत्येकी १० जीबीपीएस, जाण्या-येण्याचे मिळून ९६० जीबीपीएस. डेटाशीटवर स्विचिंग कपॅसिटी तेवढी असली की विषय संपला. नावाजलेल्या कंपन्यांचे आजचे कोअर स्विच यात सहसा नापास होत नाहीत. घोळ होतो तो टेबलांत.

टेबल म्हणजे स्विचच्या चिपमधली पत्त्यांची वही. कुठला फोन कुठल्या पोर्टकडे आहे, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि वहीची पानं मोजकीच असतात. तुमचा एक फोन एका ओळीत मावत नाही. एक ओळ मॅक ॲड्रेसची, एक आयपीव्ही४ ची. नेटवर्कवर आयपीव्ही६ चालू असेल, तर एकच फोन सहज दोन-तीन पत्ते घेतो. म्हणजे ५,००० फोन असतील तर आयपीव्ही६ च्याच १५,००० ओळी झाल्या, आणि बऱ्याच चिपमध्ये आयपीव्ही६ ची ओळ जास्त जागा खाते. टेबल भरलं की आधी जोडलेल्यांचं मस्त चालतं आणि नंतर आलेल्यांचं अडकतं. मग सगळे वायफायलाच दोष देतात.

राउटरच्या बाबतीत हे जगभर घडून गेलंय. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटच्या एकूण रूट्सची संख्या ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेली. सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० मालिकेतल्या बऱ्याच बॉक्समध्ये आयपीव्ही४ साठी डिफॉल्ट जागा तेवढीच होती. ती भरली आणि ठिकठिकाणी इंटरनेट रखडलं. उपाय म्हणून मेमरीची वाटणी बदलून बॉक्स रीस्टार्ट करावे लागले. आता हा आकडा ९ लाखांच्या पुढे आहे. पण घाबरून महागडा राउटर घेऊ नका. एकच आयएसपी असेल तर 'डिफॉल्ट रूट' ही एक ओळ पुरते. पूर्ण टेबल साधारणपणे दोन-तीन आयएसपी जोडून त्यांच्यातून रस्ता निवडणाऱ्यांनाच लागतं.

डेटाशीट वाचताना एक गोम लक्षात ठेवा. मॅक इतके, आयपीव्ही४ इतके, आयपीव्ही६ इतके असे मोठे आकडे दिसतात, पण अनेक मॉडेलमध्ये ते सगळे एकाच वेळी मिळत नाहीत. टेम्प्लेट निवडावं लागतं आणि एकाला जागा दिली की दुसऱ्याची कमी होते. सेल्सवाल्याला थेट विचारा: माझ्या टेम्प्लेटमध्ये आयपीव्ही६ नेबर किती? उत्तर लेखी घ्या.

दुसरा सापळा जमिनीखाली असतो. इमारतींमधली फायबर जुनी ओएम१ प्रकारची असेल, तर १ जीबीपीएसची लिंक तिच्यावर २०० मीटर आरामात जाते. त्याच फायबरवर नेहमीचं १० जीबीपीएसचं एसआर मॉड्यूल फक्त ३३ मीटर जातं! ओएम२ वर ८२, ओएम३ वर ३०० मीटर. नवा स्विच लावला आणि लिंकच येईना, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. म्हणून कोटेशन मागवण्याआधी फायबरचा प्रकार आणि लांबी तपासा. नवी टाकायचीच असेल तर सिंगल मोड टाका, १० जीबीपीएसला एलआर मॉड्यूलवर १० किलोमीटर चालते. काही कंपन्यांचे स्विच फक्त स्वतःचीच मॉड्यूल स्वीकारतात, त्यामुळे मॉड्यूलची किंमतही कोटेशनमध्ये हवी.

विजेचाही हिशोब करा. जुना बॉक्स नव्यापेक्षा ७०० वॅट जास्त खात असेल, तर वर्षाला ६,१३२ युनिट जास्त जळतात. एसीचं बिल वेगळंच.

बजेट बसत असेल तर एका मोठ्या बॉक्सऐवजी दोन मध्यम बॉक्स घ्या, आणि एकट्यावर सगळा भार पेलेल असेच घ्या. बदल सुट्टीत करा. जुना स्विच लगेच भंगारात देऊ नका. त्याच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप काढा आणि नव्यावर एकेक मजला सरकवत न्या. एखाद्या मजल्यावर काही बिनसलं, तर तेवढीच केबल परत जुन्यात लावता येते.