लहान नौकेचे डीझेल इंजिन : हस्तप्रारंभाचा इतिहास

शिडाच्या लहान नौकेतील डीझेल इंजिन हँडलने सुरू करणे ही विद्युत्‌प्रारंभकापूर्वीच्या काळातील एक ओबडधोबड रीत होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासक्रम पाहता तो टिकत नाही. डीझेल इंजिन जन्मतः हाताला वश नव्हते. ते तसे व्हावयास सुमारे तीन दशके लागली.

रूडॉल्फ डीझेल यांच्या इंजिनाची निर्णायक चाचणी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली. सिलिंडरमधील हवा इतकी दाबावयाची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, हे त्याचे तत्त्व. आणि हा दाबच हाताच्या आड येत होता. शिवाय इंधन फवारण्यासाठी स्वतंत्र कॉम्प्रेसर लागत असल्याने यंत्र अवजड होई. म्हणून स्कँडिनेव्हियातील मच्छीमार नौकांनी हॉट-बल्ब इंजिन पत्करले. त्यात दाब कमी असे. परंतु प्रारंभापूर्वी ब्लोलॅम्पने बल्ब काही मिनिटे तापवावा लागे. वारा पडून नौका खडकाकडे वाहू लागली असता नेमकी हीच मिनिटे नाविकाच्या हाती नसत.

१९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधनपंपांचे नियमित उत्पादन सुरू केले आणि कॉम्प्रेसरची गरज उरली नाही. पुढे इंग्लंडात लिस्टर कंपनीची, तर जपानात १९३३ पासून यामाओका मागोकिची यांची लहान डीझेल इंजिने प्रचारात आली.

राहिलेला अडथळा एका साध्या खटक्याने दूर केला. ‘डीकॉम्प्रेशन लिव्हर’ उचलला की झडप उघडी राहते, हवा दबत नाही आणि जड गतिचक्र हाताने फिरविता येते. पुरेसा वेग येताच लिव्हर पाडावयाचा. मग दट्ट्याला दाबाच्या टप्प्यापार नेण्याचे काम गतिचक्र करते. गती दुप्पट झाली की चक्रातील ऊर्जा चौपट होते. उलट, संथ फिरविल्यास दबलेल्या हवेची उष्णता थंड भिंतींत मुरते आणि इंधन पेटत नाही. तात्पर्य, येथे बाहुबळापेक्षा वेग आणि अचूक क्षण यांना महत्त्व आहे. मराठी शेतकऱ्यांच्या बोलीत डीझेल पंपासंबंधी ‘हँडल मारणे’ हा प्रयोग रूढ झाला; ‘फिरवणे’ या क्रियापदातील सातत्याऐवजी ‘मारणे’ यातील तडफ त्यात व्यक्त होते, हे लक्षणीय आहे.

विद्युत्‌प्रारंभक सार्वत्रिक झाल्यावर गतिचक्रे हलकी झाली, सिलिंडर वाढले आणि अनेक नव्या इंजिनांतून लिव्हर व हँडलची खाच दोन्ही गेली. सोय निःसंशय वाढली. परंतु बॅटरीत खारे पाणी शिरताच अशा नौकेचे इंजिन निरुपयोगी होते. शीड असले तरी निर्वात समयी अरुंद खाडीत त्याचा आधार तोकडा पडतो. हस्तप्रारंभ म्हणजे मागासलेपणाचा अवशेष नव्हे; परिश्रमपूर्वक संपादन केलेले ते स्वावलंबन होते, आणि सोयीच्या बदल्यात ते फारसा विचार न होता सोडून देण्यात आले.