पाहुण्याला बिल देणारा राजवाडा

राजवाड्यात पैसे मोजून जेवायचं, असं भोरच्या पंतसचिवांच्या मुदपाकखान्यात कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पंगतीला बसणारा एकतर मानकरी, नाहीतर पाहुणा, नाहीतर आश्रित. या पंतसचिवांचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांकडून 1697 साली सचिवपद मिळालं. त्यांच्या घराण्याच्या संस्थानात पुढे तालुक्यांची नावंसुद्धा गडांवरून पडली: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड आणि सुधागड, पवन मावळ तेवढं वेगळं. आजचं भोर आणि वेल्हे (आता तालुक्याचं नाव राजगड) हा सगळा त्यांचाच मुलूख. भोर गावातला सध्याचा राजवाडा 1869 सालचा.

मग राजवाड्यात खोली भाड्याने द्यायची चाल आली कुठून? गंमत अशी की, आपल्याकडे आधी हॉटेलानेच राजवाड्याचं सोंग घेतलं. 16 डिसेंबर 1903 रोजी जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल मुंबईत उघडलं, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं. ते लोकांसाठी खुलं झालं 1924 साली. घुमट, कमानी, सज्जे, मधला प्रचंड जिना, सगळा थाट संस्थानिकाचा; पण मालक व्यापारी. आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य 1900 मध्येच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पुरं केलं. इमारत उलटी बांधली म्हणून गोऱ्या वास्तुविशारदाने जीव दिला, ही कथा मुंबईकर अजून रंगवून सांगतात. तिच्यात तथ्य नाही. त्या भाकडकथेतला साहेब सगळ्यांना ठाऊक आणि मराठी वैद्यांचं नाव कुणालाच नाही, याचं मात्र वाईट वाटतं. पहिल्या महायुद्धात या हॉटेलाचं इस्पितळ झालं होतं. पुढे तिथल्या स्वयंपाकघराची सूत्रं मिगेल आर्कान्जो मास्कारेन्हास या गोवेकराकडे आली. 'मास्की' म्हणून तो नावाजला.

या जागेची ओढ कशाची होती? गादी मऊ होती म्हणून नव्हे. ज्याला कुठल्याही दरबाराचं बोलावणं आलं नसतं, त्याला इथे पैसे टाकून मानकऱ्यासारखं बसता येत होतं.

खरे राजवाडे याच वाटेने गेले ते स्वातंत्र्यानंतर. जयपूरचा रामबाग 1950 च्या दशकात हॉटेल झाला, उदयपूरचा जगनिवास त्यानंतर. भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी विलीन झालं. 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. छपरं मात्र दर पावसाळ्यात गळतच राहिली. कोल्हापुरात रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचं हॉटेल झालं. भोरच्या शेजारी, पुरंदर तालुक्यात, पिलाजी जाधवरावांची 1710 ची गढी विठ्ठल कामतांनी 'जाधवगड' नावाने पाहुण्यांना उघडली. तिथे पाहुणा आला की तुतारी वाजते. तुतारी पूर्वी कुणासाठी वाजे आणि आता कुणासाठी वाजते, यावर हसू येतं खरं, पण गढी उभी आहे आणि माणसं आत जाऊन ती बघतात. ओस पडून चिरे विकले जाण्यापेक्षा हे शतपट बरं.

भोरच्या राजवाड्याने तिसरी वाट धरली: तो हॉटेल न होता चित्रीकरणाची जागा झाला. लाकडी खांब, चौक, दिवाणखाने पडद्यावर कितीदा तरी पेशव्यांचे आणि राजेरजवाड्यांचे झाले आहेत.

उद्या त्याचं हॉटेल करायची कल्पना कुणाच्या डोक्यात आलीच, तर माझी एकच अट: आधी मुदपाकखाना बघा. अशा बहुतेक ठिकाणी भिंती तीनशे वर्षांच्या आणि ताटात दालमखनी, पनीर टिक्का. भोर-वेल्ह्यात इंद्रायणी तांदूळ पिकतो, नाचणी पिकते, नीरा-वेळवंडीचा मासा मिळतो. मऊ भात, त्यावर कुळथाचं पिठलं, बाजूला नाचणीची भाकरी, हे चांदीच्या ताटात वाढायला लाज वाटत असेल, तर त्या वाड्याला हात लावू नये. सध्या तरी राजवाड्यात मुक्कामाची सोय नाही, आणि चैत्रात रामनवमीचा उत्सव तिथेच होतो.