दोआबचे कालवे आणि डार्विनचा विरोधक

गाझियाबाद जिल्ह्यातून दोन जुने कालवे जातात. लोनीवरून (पुण्याजवळची लोणी ती वेगळी) यमुनेचा पूर्व कालवा जातो, आणि मुरादनगरवरून गंगेचा मोठा कालवा, म्हणजे तिथल्या बोलीत गंगनहर. दिल्लीच्या सोनिया विहार जलशुद्धीकरण केंद्राला पाणी मिळते ते मुरादनगरच्या गंगनहरीतूनच. या दोन्ही कालव्यांची कागदपत्रे उलगडत गेले की प्रोबी कॉटली हे नाव येते. त्याच्या मागोमाग ह्यू फाल्कनर येतो, आणि फाल्कनरच्या पत्रव्यवहारातून आपण थेट चार्ल्स डार्विनच्या टेबलापाशी पोचतो.

सप्टेंबर 1803 मध्ये पटपडगंजला शिंद्यांची फौज हरली आणि डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेमधला दोआब ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. तिथे शहाजहानच्या काळातला, गाळाने बुजलेला एक कालवा कंपनीला आयता मिळाला. रॉबर्ट स्मिथच्या हाताखाली त्याची दुरुस्ती सुरू होती आणि 1825 मध्ये बंगाल तोफखान्यातला तरुण अधिकारी कॉटली त्या कामावर आला. 1830 मध्ये पाणी सुटले, पुढच्याच वर्षी कालव्याचा कारभार कॉटलीकडे आला. त्याच 1831 मध्ये फाल्कनर नावाचा स्कॉटिश डॉक्टर मेरठच्या छावणीत रुजू झाला. आजचा गाझियाबाद तेव्हा मेरठ जिल्ह्यातच मोडत होता, स्वतंत्र जिल्हा झाला तो 14 नोव्हेंबर 1976 रोजी. वर्षभरात फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक झाला. कालवेवाला आणि बागवाला, दोघेही शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी.

पुढची हकीकत मुख्यतः बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून जुळवता येते. 1834 च्या अंकात कॉटली कळवतो की बेहटजवळ कालव्याचे पात्र साफ करताना जमिनीखाली सुमारे सतरा फुटांवर एका जुन्या नगराचे अवशेष आणि नाणी मिळाली. ही बातमी पुरातत्त्वाची आहे, पण तिच्यातून कालवेवाल्यांची सवय कळते. फावड्याला जे लागले ते फेकायचे नाही, कलकत्त्याला कळवायचे.

जीवाश्मांचा माग लागला त्यात एका फारसी बखरीचाही भाग आहे. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे की फिरोजशहा तुघलकाने कालव्यासाठी टेकडी खोदवली तेव्हा हत्तींची आणि माणसांची हाडे निघाली. माणसाच्या पुढच्या हाताचे हाड तीन गज लांब होते आणि काही हाडे दगड झालेली होती. तीन गजांचा हात माणसाचा असणे शक्य नव्हते, पण दगड झालेली हाडे हा तपशील कल्पनेतला वाटत नव्हता. 1834 च्या नोव्हेंबरात नाहनच्या राजाकडून एक दगडी दात बेकर या दुसऱ्या कालवे-अधिकाऱ्याला मिळाला आणि सगळे त्या टेकड्यांकडे धावले. फाल्कनरने सहा तासांत तीनशेच्या वर नमुने जमवल्याची नोंद आहे. आसपासचे लोक या वस्तूंना ‘बिजली की हाड’ म्हणत. म्हणजे त्यांना त्या आधीपासून माहीत होत्या. हाडे आणून देणारी ही माणसे निबंधांतून बहुधा बिननावीच राहतात, हे वाचताना खटकत राहते.

पुढची दोन-तीन वर्षे म्हणजे लूटच होती. शिंगांचा प्रचंड शिवाथेरियम, पाणघोडे, राक्षसी कासव, आणि 1836 मध्ये बेकर व त्याचा सहकारी ड्युरँड यांनी प्रसिद्ध केलेला माकडाचा जबडा. माकडाच्या कुळातले जीवाश्म नसतातच, असा तोवरचा समज होता. 1837 मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीने फाल्कनर आणि कॉटली या दोघांना वोलास्टन पदक दिले. कॉटलीने ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहाच्या 214 मोठ्या पेट्या भरल्या. त्यानंतर 1837-38 चा भीषण दुष्काळ, त्याच्या धड्यातून 1842 मध्ये गंगनहरीची खोदाई आणि 8 एप्रिल 1854 ला तिचे उद्घाटन. मधली तीन वर्षे कॉटली रजेवर होता तेव्हा काम सांभाळले ते जीवाश्मवाल्या बेकरनेच.

फाल्कनरचे खरे काम मात्र दातांचे. हत्तीकुळातल्या प्राण्याची दाढ आडव्या कंगोऱ्यांची असते. मॅस्टोडॉनच्या मधल्या दाढांवर तीन-चार बोजड कंगोरे असतात, मॅमथच्या शेवटच्या दाढेवर पातळ, उंच पट्ट्यांची संख्या चोवीसपर्यंत जाते. या दोन टोकांच्या मध्ये शिवालिकमध्ये मिळालेले प्राणी बसत होते. त्यांना फाल्कनरने ‘स्टेगोडॉन’ हे नाव दिले, ते आजही चालते. कंगोरे मोजून त्याने सगळे कुळ एका ओळीत लावले. आज ती ओळ पाहणाऱ्याला उत्क्रांतीच दिसेल. तिच्या कर्त्याला दिसली नाही. प्रत्येक जाती आपल्या जागी पक्की आहे, असे तो मानत होता, आणि ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीत (1859) डार्विनने जातींची अचलता मानणाऱ्या थोर जीवाश्मशास्त्रज्ञांची नावे दिली आहेत त्यांत क्युव्हिए, ओवेन यांच्यासोबत फाल्कनरही आहे. त्याच पुस्तकात अमेरिकेतून आलेल्या वनस्पती कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत पसरल्याची माहिती फाल्कनरच्या हवाल्याने येते. विरोधकाकडून माहिती घ्यायला डार्विनला संकोच नव्हता. 11 नोव्हेंबर 1859 ला पुस्तकाची प्रत पाठवताना तो फाल्कनरला थट्टेने लिहितो की हे वाचून तू मला जिवंत सुळावर चढवशील.

सुळावर चढवायला तीन वर्षे लागली, आणि तोवर सुळाचे स्वरूपही बदलले होते. सप्टेंबर 1862 मध्ये फाल्कनरने अमेरिकेतल्या जीवाश्म हत्तींवरच्या आपल्या निबंधाचा मसुदा पत्रासोबत डार्विनला पाठवला. त्यात कबुली आहे की मॅमथ आणि इतर लुप्त हत्ती आज सापडतात त्याच रूपात एकाएकी अवतरले नसावेत; ते आधीच्या पूर्वजांचे बदललेले वंशज आहेत हे मानणेच सयुक्तिक. पूर्वज शोधताना त्याची नजर दोआबच्या माथ्यावर जाते. युरोपातल्या मेरिडिओनालिस हत्तीचे सगळ्यात जवळचे नाते त्याला शिवालिकच्या प्लानिफ्रॉन्स हत्तीशी दिसते, आणि मॅमथचे आजच्या भारतीय हत्तीशी. शिवालिकचे हे थर तो मायोसीन काळातले समजत होता. ते त्याहून बरेच अलीकडचे आहेत, हे नंतर ठरले.

पण कबुलीला लागूनच हरकत येते, आणि ती भक्कम आहे. मॅमथ अफाट प्रदेशात पसरला, हिमयुगाचे उलटसुलट हवामान त्याने सोसले, तरी त्याच्या दाढा जवळजवळ होत्या तशाच राहिल्या. परिस्थितीनुसार निवड होऊन रूप बदलते, तर इतक्या बदललेल्या परिस्थितीत हे रूप का बदलले नाही? फाल्कनरच्या मते वंशपरंपरा खरी, पण नैसर्गिक निवड हे कारण तिला अपुरे. देठावर पाने ठरावीक क्रमाने उगवतात तसा एखादा आतला नियम त्याला हवा होता. डार्विनने मोठ्या इमारतीचा पाया घातला आहे, पण मिलानच्या कॅथीड्रलसारखी तिची वरची बांधणी पुढचे लोक वेगळ्या शैलीत करतील, असे त्याने लिहिले.

1 ऑक्टोबरला डार्विनचे उत्तर गेले. ‘ओरिजिन’मधले पुष्कळसे पुढे टाकाऊ ठरेल याची आपल्याला खात्री आहे, सांगाडा तेवढा टिकेल अशी आशा आहे, असा त्याचा सूर आहे. या दोन पत्रांचे मोल अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड याने ओळखले आणि 2002 च्या आपल्या जाडजूड ग्रंथाची सुरुवात त्यांच्यापासून केली. जाती दीर्घकाळ स्थिर का राहतात, हा फाल्कनरचा प्रश्न गूल्डच्याही कामाच्या केंद्राशी होता.

डार्विनला रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळावे यासाठी 1864 मध्ये फाल्कनरने फ्रान्समधून सोसायटीच्या सचिवांना लिहिले, आणि डार्विनच्या कामांत ‘ओरिजिन’ आवर्जून गणले. पदक मिळाले, मात्र अध्यक्ष सॅबिन यांनी भाषणात ते पुस्तक पदकाच्या कारणांतून वगळल्याचे सांगितले. पुस्तक न पटलेला माणूस ते गणतो आणि पदक देणारी संस्था ते वगळते! 31 जानेवारी 1865 ला फाल्कनर वारला.

आपल्या महाराष्ट्रातही या हत्तीकुळाचा पुरावा आहे. नर्मदेच्या गाळातल्या ज्या हत्तीला फाल्कनर-कॉटलींनी ‘नमाडिकस’ म्हटले, तो नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरच्या परिसरात गोदावरीच्या गाळातही मिळाला. भूवैज्ञानिक पिलग्रिमचा त्यावरचा निबंध 1905 चा आहे.

दोआबाशी नाते असलेला डार्विनचा विरोधक अलीकडेही दिसला. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहिले वा सांगितलेले नाही. मुंबईचे हे माजी पोलीस आयुक्त तेव्हा बागपतचे खासदार होते, आणि गाझियाबाद जिल्ह्यातले मोदीनगर त्याच मतदारसंघात येते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेचच संयुक्त निवेदन काढून प्रतिवाद केला. त्याच दोआबात राहून डार्विनला विरोध करणाऱ्या फाल्कनरने दाढा मोजल्या होत्या, आणि मोजणीने सांगितले तिथे मतही बदलले होते.

डार्विन आणि फाल्कनर यांची पत्रे आज इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. डार्विन पटत नसलेल्या वाचकाने 1862 च्या सप्टेंबरातले पत्र आधी वाचावे. त्याहून सरस हरकत त्याला सहजी सापडणार नाही. मग लगेच 1 ऑक्टोबरचे उत्तरही वाचावे.