नवं-जुनं

कर्ज फेडायला कर्ज काढणं ही क्रेडिट कार्डवाल्यांची अक्कल आहे, असं आमच्या पतपेढीतल्या तरुण सभासदांना वाटायचं. फोन यायचा, ‘सर, त्या बँकेची बाकी आमच्या कार्डावर वळवा, सहा महिने व्याज नाममात्र.’ पोरगं खूश होऊन माझ्याकडे सांगायला यायचं. परळच्या एका वर्कशॉपमधल्या कामगार पतपेढीचा मी बरीच वर्षं मानद चिटणीस होतो, आणि मूळचा सासवडकडचा. आमच्या तालुक्यात हा खेळ दीडशे वर्षांपूर्वी खेळून झालाय, हे मी त्यांना सांगायचो. ते चहा पिऊन निघून जायचे.

गोष्ट 1859च्या मुदतीच्या कायद्यापासून सांगावी लागते. नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावा, नाहीतर हक्क गेला, असं त्या कायद्याने ठरवलं. कुळाला जन्मभर टांगून ठेवू नये हा हेतू. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार कुळाला बोलावून घ्यायचा, मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करायचा आणि त्या बेरजेचं नवं खत लिहून घ्यायचा. दरमहा शेकडा दोन धरा. शंभर रुपयांचं तीन वर्षांचं व्याज बहात्तर. नवं खत एकशे बहात्तरचं. आणखी तीन वर्षांनी पुन्हा तेच, आणि आकडा दोनशे शहाण्णवच्या घरात. या सहा वर्षांत कुळाने एक पैसाही नव्याने हातात घेतलेला नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा जुना नियम होता, पण मुद्दलच दर तीन वर्षांनी नवं होत असेल तर त्या नियमाने धरायचं कुणाला?

12 मे 1875 रोजी बाजाराच्या दिवशी सुपे गावात लोकांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली ती या कागदांसाठी. खतं आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळले. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा मारहाण झाली नाही. लुटीपेक्षा राग खतावर जास्त होता, हे दंग्यांच्या चौकशी आयोगालाही दिसलं. मग 1879चा शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. म्हणजे कागदावरचा आकडा प्रमाण न मानता पहिल्या रुपयापासून हिशेब उलगडायचा, खरं मुद्दल किती आणि चढवलेलं किती ते पाहायचं. माझ्या मते त्या शतकात या मुलखात कर्जाबद्दल झालेला हा सर्वांत शहाणा विचार.

त्याच्या पुढचं पाऊल न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी सुचवलं. वेडरबर्न मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी, न्यायखात्यात काम केलेले, पुढे दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झालेले. 1882च्या सुमारास त्यांनी शेतकी बँकेची योजना मांडली आणि प्रयोगासाठी तालुका निवडला गेला तो आमचा पुरंदर. योजनेचा क्रम नीट बघा. आधी प्रत्येकाच्या जुन्या कर्जाची चौकशी करून तडजोडीने रक्कम ठरवायची. ती रक्कम सावकाराला रोख देऊन त्याचा हिशेब बंद करायचा. मग शेतकरी फक्त बँकेचा देणेकरी, कमी व्याजाने आणि हप्त्याने. कर्ज वळवायचं, पण वळवण्याआधी छाटायचं. व्हाइसरॉय रिपन यांच्या सरकारला ती पटली, 1884 मध्ये शिफारशीसह लंडनला गेली, आणि तिथे भारतमंत्र्यांनी नामंजूर केली. बँक निघालीच नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला 1904 उजाडावं लागलं. त्यात नवं कर्ज स्वस्त देण्याची सोय झाली, पण जुनं कर्ज छाटण्याचा मुद्दा मागे पडला. तो कायद्यात यायला 1939चा कर्जनिवारण कायदा लागला.

मुंबईत काय चाललं होतं? गिरणगावात ठरलेला दर रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किरकोळ, वर्षाला पंचाहत्तर टक्के. दर महिन्याने सांगितला की छोटा वाटतो, हे सावकाराला तेव्हा कळलं होतं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर पठाण काठी घेऊन उभा असायचा ही आठवण डिलाईल रोडच्या जुन्या माणसांकडून मी ऐकलीय, पण सगळा दोष पठाणावर टाकायची रीत मला मान्य नाही. उधारी देणारा वाणी, भाड्याची खोली देणारा आणि खुद्द गिरणीतला मुकादमही व्याजाने पैसे लावायचा. 1931च्या कामगार आयोगाच्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणावर पानंच्या पानं आहेत.

त्या काळापासून रेल्वे, गोदी, नगरपालिका अशा ठिकाणी नोकरांच्या पतपेढ्या उभ्या राहिल्या. दर महिन्याची वर्गणी, दोन जामीनदार, आणि हप्ता थेट पगारातून कापायचा. ही कपात आज 1960च्या सहकार कायद्याच्या कलम 49 प्रमाणे होते. आमच्या पेढीत जुन्या मंडळींनी घालून दिलेला एक दंडक होता, कर्ज फेडायला कर्ज मागितलं तर चेक सभासदाच्या हातात नाही, त्याच्या धनकोच्या नावाने. बँकेत खातं नसलेला सावकार असेल तर समितीचा माणूस सोबत जायचा, पैसे मोजून द्यायचा आणि वचनचिठ्ठी परत घेऊन यायचा. कामगारांना हा अपमान वाटायचा. एका फिटरने मला तोंडावर विचारलं, ‘भाऊ, माझ्यावर विश्वास नाय का?’ विश्वास होता. पण चेक त्याच्या नावाने निघाला असता तर आधी मुलीची फी, मग गावच्या घराचे पत्रे, आणि सावकार जागच्या जागी.

याच फिटरच्या मुलाकडे दोन हजारनंतरच्या काळात दोन कार्डं झाली. ऐंशी हजारांची बाकी, दर महिना तीन टक्के, म्हणजे चोवीसशे रुपये नुसतं व्याज. आमच्या पेढीचा दर सालाना बारा, म्हणजे पहिल्या महिन्याला आठशे. पोराने पेढीकडे न येता फोनवरच्या मुलीचं ऐकलं आणि बाकी तिसऱ्या कार्डावर वळवली. जुनी दोन्ही कार्डं मोकळी झाली, आणि मोकळं कार्ड खिशात गप्प बसत नाही. सहा महिन्यांनी सवलत संपली तेव्हा त्याच्याकडे तीन बाक्या होत्या.

ही बाकी वळवण्याची योजना आजच्या रूपात अमेरिकेतून आली. तिथे बहुतेक कार्डांचं व्याज सरसकट 19.8 टक्के असताना, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या सिग्नेट बँकेत फेअरबँक आणि मॉरिस या दोघांनी दुसऱ्या बँकांचे देणेकरी स्वस्त व्याजाचं आमिष दाखवून ओढायला सुरुवात केली. त्यांचा कार्डविभाग पुढे वेगळा होऊन कॅपिटल वन झाला. रानड्यांच्या योजनेत आणि या योजनेत वळवणं सारखंच आहे. पण इथे छाटणी नाही आणि जुनं खातं बंद करण्याची अट नाही, कारण देणेकरी कर्जमुक्त झाला तर धंदा कशावर चालणार?

आपल्याकडे व्याजाला लगाम घालायचा प्रयत्न झाला होता. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सालाना तीस टक्क्यांवरचं कार्डव्याज ही अनुचित प्रथा ठरवली. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे आज महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के लावणारी कार्डं बाजारात आहेत, वर व्याजावर अठरा टक्के जीएसटी.

सहकारालाही मी सोवळं मानत नाही. गावोगावच्या सोसायट्यांत मार्चअखेर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवसांसाठी सावकाराकडून उचल घ्यायची, सोसायटीचं कर्ज भरल्याचं दाखवायचं, नवं मंजूर करून घ्यायचं आणि त्यातून सावकाराला परत करायचं. याला गावात नवं-जुनं म्हणतात. सोसायटीची वसुली कागदावर शंभर टक्के, आणि शेतकरी होता तिथेच, वर चार दिवसांचं व्याज डोक्यावर.

तेव्हा बाकी वळवायची असेल तर जरूर वळवा, महिना दोन हजार वाचत असतील तर ते सोडू नयेत. फक्त फोनवरच्या माणसाला सवलत संपल्यावरचा दर विचारा, आणि तो महिन्याचा नको, वर्षाचा. प्रक्रिया शुल्क किती तेही विचारा. आणि पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात जुनं कार्ड बंद करून बाकी नसल्याचं पत्र लेखी घ्या.